डॉक्टरांची फियाट: १९६९ची डिलाइट घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणताना

(माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाडीच्या बाबतीत काही बदललेलं नाही.)

पार्श्वभूमी

गाडी फियाट ११०० डिलाइट, १९६९ची. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी ती नवी घेतली होती. त्या काळी नवी गाडी म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवर व्हिजिटला जायला ती वापरली गेली, पुढे मुलांच्या लग्नांत सजली, आणि डॉक्टर गेल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. तिथे तिने पंधराएक पावसाळे काढले.

वारस तिघं. थोरल्या ताई रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, निवृत्तीनंतर गावच्या घरी राहायला आलेल्या. मधला भाऊ मुंबईत, धाकटा न्यू जर्सीत. गाडी पुन्हा चालती करायची ही हौस ताईंची. सोबतीला सत्तरी ओलांडलेले मिस्त्री, ज्यांनी डॉक्टरांच्या हयातीत याच गाडीचे प्लग-पॉइंट साफ केले होते. माझा संबंध सल्ल्यापुरता आणि नोंदी ठेवण्यापुरता.

या मॉडेलबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावर ठरले. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी १९६४ पासून कुर्ल्यात बनवली. १९७४ मध्ये तिची 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि २००१ पर्यंत ती निघत राहिली. इंजिन तेच १०८९ सीसीचं, चारही चाकांना ड्रम ब्रेक. म्हणजे पद्मिनीचे पार्ट डिलाइटला बऱ्याच अंशी चालतात. जाळी, दिवे, दारांच्या मुठी, डॅशबोर्ड यांचं मात्र तसं नाही, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

गाडी तपासली तेव्हा

मुंबईच्या भावाची पहिली फर्माईश अशी: नवी बॅटरी लावा, थोडं पेट्रोल टाका, सेल्फ मारा आणि व्हिडिओ पाठवा. मिस्त्रींनी ती धुडकावली. "ताई, आधी हँडलनं फिरते का बघू. नाही फिरली तर सेल्फ मारून काय मोडायचं?"

समोरून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवून बघितलं. नाहीच फिरलं. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ तेल मिसळून ओतलं आणि गाडी तशीच ठेवली. काही दिवसांनी हँडल किंचित हललं, मग पुढे-मागे करत मोकळं झालं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडल्यावर कळलं की एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिल्याने दमट हवा आत जात राहिली होती आणि भिंतीवर गंजाचं कडं धरलं होतं. सेल्फ मारला असता तर पिस्टनच्या रिंगा त्या कड्यावर तुटल्या असत्या. हेड अॅल्युमिनिअमचं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं साधं पाणी घातल्यामुळे त्याच्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या भुग्याने भरल्या होत्या आणि गॅस्केटच्या कडेला धातू खाल्ला गेला होता.

तरी खरी वाईट बातमी इंजिनात नव्हती. मिस्त्रींनी जॅक लावला, दांडा फिरवला, आणि गाडी जागची न हलता जॅकचं डोकं पत्र्यातून वर आलं. दारांखालची पेटी आतून पोकळ झाली होती. फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन ताई गाडीभोवती फिरल्या. ते कुठे चिकटत होतं, कुठे सुटून पडत होतं. नव्वदच्या दशकात कुणीतरी 'गाडी नवी करून' दिली होती. म्हणजे गंजावर बोटभर लांबी (पुट्टी) भरून वर निळा रंग मारला होता. त्याच लांबीने पेटीची पाणी निथळायची भोकंही बुजली होती, त्यामुळे आत शिरलेलं पाणी आतच राहिलं. गाडी शेडमध्ये गंजली असं सगळे समजत होते. ती गंजायला लागली होती त्या रंगकामापासून.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर जाम. काचा मात्र सगळ्या शाबूत, आणि हे भाग्य लहान नव्हे.

समोरचे पर्याय

आहे तशी विकणं हा पहिला. पुण्याहून एक खरेदीदार येऊन गेला. त्याने सांगितलेला आकडा भंगाराच्या वर होता, पण फार नाही. दुसरा, पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजला सगळं सोपवणं. तिथला अंदाज ताईंच्या तयारीच्या तिप्पट होता आणि मुदत कुणीच लिहून द्यायला तयार नव्हतं.

तिसरा पर्याय नातेवाइकांनी हिरिरीने मांडला: मारुती व्हॅनचं इंजिन बसवा, कटकट मिटेल. अशा फियाट खरोखर फिरतात, आणि रोज वापरायच्या गाडीसाठी मी त्याला नावं ठेवणार नाही. पण इंजिन बदललं की त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) करून घ्यावी लागते, आणि ज्या कागदांवर ही गाडी 'तीच' ठरते त्यांनाच धक्का लागतो. कुर्ल्याच्या बाजारातून भंगारात निघालेल्या टॅक्सीचं पद्मिनी इंजिन आणण्यातही तीच अडचण होती, जरी ते स्वस्त आणि जोडायला सोपं होतं. ताईंचं म्हणणं साधं होतं: इंजिन नंबर बाबांच्या आरसी बुकातलाच हवा.

शेवटी ठरलं ते असं. सुटं करणं, साफ करणं, ब्रेक, वायरिंग आणि जोडणी घरी. लेथ आणि मशिनिंगचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पत्र्याच्या कामाला बाहेरून माणूस आणायचा. स्पर्धेत उभी करायची नाही, आठवड्यातून एकदा बाजारात नेता यावी एवढीच अपेक्षा. ही अपेक्षा पहिल्याच पानावर लिहून ठेवली होती. पुढे क्रोमचा प्रत्येक स्क्रू नवा करण्याची खुमखुमी आली तेव्हा ते पान कामाला आलं.

कागद आधी की काम आधी

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय पान्याचा नव्हता, सहीचा होता. आरसी डॉक्टरांच्या नावावर, तीही मुदत संपलेली. खर्च ताई करणार आणि मालकी तिघांची, हे आज गोड दिसलं तरी गाडी चमकायला लागली की अवघड होतं. ताईंनी काम सुरू करण्याआधी दोन्ही भावांना स्पष्ट विचारलं. मुंबईचा लगेच तयार झाला. न्यू जर्सीच्या भावाने आधी "आपल्यात कागद कशाला" म्हटलं, मग वाणिज्य दूतावासातून साक्षांकित संमतिपत्र पाठवलं. त्याला वेळ लागला, पण त्या काळात नाही तरी डिझेलमध्ये नटबोल्ट भिजतच होते.

मालक वारल्यानंतर गाडी वारसाच्या नावे करायचा अर्ज फॉर्म ३१ वर होतो, आणि आरसीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५ वर. जुनं आरसी बुक संगणकाच्या नोंदीत नसल्याने आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घेणं, करावी लागली.

इथे एक फाटा फुटतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला झकास. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच मुभा. ताईंना गाडी बाजाराला न्यायची होती, म्हणून त्यांनी साधं नूतनीकरण निवडलं. त्याचं शुल्क तेव्हा ५,००० रुपये होतं (ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० झालं), शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तीच फेरी. माझ्या मते निर्णय बरोबर होता. 'विंटेज' शब्दाचा रुबाब मिरवायला वर्षातून दोन रॅल्या लागतात, आणि त्या गावात एकही होत नाही.

याच टप्प्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबरचे पेन्सिलने ठसे घेऊन ठेवले आणि त्या जागांवर चिकटपट्टी लावून 'इथे घासू नये' असं लिहिलं. पत्रा घासणाऱ्या पोऱ्याच्या हातात ग्राइंडर असतो. त्याला नंबरचं महत्त्व कळावं अशी अपेक्षा करणं चूक.

पत्र्याचं काम

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दारांखालची पेटी कापली की गाडी मधोमध वाकू शकते, आणि मग नवी पेटी कितीही सफाईने जोडली तरी दारं लागत नाहीत. गावातला ग्रिल-गेटवाला म्हणाला, दोन दिवसांत देतो. पण त्याच्याकडे आर्क वेल्डिंग. एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पत्र्याला आर्कने भोकं पडतात, हे त्याने स्वतःच एका तुकड्यावर करून दाखवलं आणि हात जोडले. प्रामाणिक माणूस.

पातळ पत्र्याला चालणारं सीओटू वेल्डिंग येणारा डेंटर घाटावरून आणला. त्याने पत्र्याला हात लावण्याआधी दारांच्या चौकटींत चौकोनी पाइपांचे आडवे टेकू वेल्ड केले, गाडी चार जागी समपातळीत टेकवली आणि एका बाजूची पेटी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी कापली नाही. प्रत्येक टप्प्याला दार बसवून फट बघायची, मग पुढे जायचं. टाकेही सलग नाही. इथे एक, हातभर लांब दुसरा, म्हणजे उष्णतेने पत्रा लहरत नाही. घरातली सगळी मंडळी या संथपणाला कंटाळली होती. दारं आज एका बोटाने लागतात ती त्यामुळेच.

दमट हवेने वेगळीच घाई लावली. सकाळी उघडा केलेला पत्रा संध्याकाळी लालसर दिसे. म्हणून जेवढा भाग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली जाईल तेवढाच घासायचा, असं ठरलं. पेटीच्या आत मेणासारखं गंजरोधक फवारलं आणि निथळायची भोकं तारेने मोकळी करून घेतली. खालून जाड रबरी कोटिंग मारायचा आग्रह झाला होता, तो ताईंनी मोडला. त्याच्याखाली गंज दिसत नाही, आणि दिसत नसलेल्या गंजानेच तर ही वेळ आणली होती.

इंजिन, ब्रेक, पेट्रोल

इंजिन उद्यमनगरात गेलं. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, नुसतं पॉलिश करून भागतं का हे आधी मोजून बघितलं, नाही भागलं, तेव्हा एक साइझ वरचे पिस्टन घातले. हेड फेकून द्यायचा सल्ला दोघांनी दिला, तिसऱ्याने आर्गन वेल्डिंगने खाल्लेल्या कडा भरून फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट घासून, दिलं. रेडिएटरमध्ये आता कूलंट असतो, विहिरीचं पाणी नाही.

पार्टची शोधाशोध हा सगळ्यांत रेंगाळलेला भाग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींमुळे हा बाजार दशकानुदशकं जिवंत राहिला. टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा आली, त्या भंगारात निघत गेल्या, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. काही वर्षं कुर्ल्यात आणि पुण्याच्या नाना पेठेत जुन्या पार्टांचे ढीग दिसले, आता ते ओसरत आहेत. गॅस्केट, ब्रेकचे रबरी किट, वॉटर पंप मिळतात. डिलाइटची पुढची जाळी मिळाली नाही, शेवटी जुनीच ठोकून सरळ केली.

ब्रेक इंजिनच्या आधी, हा मिस्त्रींचा हट्ट. "चालू झाली की पोरं गेटबाहेर काढणारच. मग थांबवणार कोण?" व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पडले होते. नुसतं नवं रबर घातलं असतं तर खड्ड्यांनी ते महिन्या-दोन महिन्यांत कापलं असतं. म्हणून चारही सिलिंडरांना स्टीलची स्लीव्ह घालून घेतली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याचा विचार बाजूला ठेवला.

काम सुरू असतानाच पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. ताईंच्या रसायनशास्त्राला इथे वाव मिळाला. त्यांनी जुन्या पेट्रोल नळीचा तुकडा आणि नव्या व्हिटॉन रबराचा तुकडा दोन बरण्यांत त्याच पेट्रोलमध्ये बुडवून खिडकीत ठेवला. जुना फुगून मऊ पडला, नखाने ओरखडा उठू लागला. नवा होता तसाच. मग नळ्या, गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली रबरं सगळी बदलली. इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं, म्हणून कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेटही एक नंबर मोठा घातला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा टाकी आतून साफ करून घेणं आलंच.

गणपती आणि रंग

कोकणात कुठल्याही कामाची खरी मुदत एकच, गणपती. मुंबईच्या भावाचा निरोप आला: यंदा मूर्ती बाबांच्या फियाटमधून आणायची. गाडी तेव्हा प्रायमरमध्ये होती आणि रंगारी मिळाला होता. पण भरपावसात उघड्या पडवीत रंग मारला तर ओल धरून त्यावर पांढुरकी झाक येते आणि आत अडकलेला दमटपणा पुढे फोडासारखा वर येतो. ताई दोन दिवस विचारात होत्या, मग नाही म्हणाल्या. मूर्ती रिक्षातून आली. रंग डिसेंबरात लागला.

कोणता रंग, यावरही वाद झाला. भावंडांच्या आठवणीतली गाडी निळी. डॅशबोर्डच्या मागे आणि स्पेअर चाकाखाली मात्र मूळ राखाडी सापडला, आणि आरसी बुकातही तोच लिहिलेला. कागद आणि पत्रा एका बाजूला, तिघांच्या आठवणी दुसऱ्या बाजूला. तपासणीत प्रश्न नको म्हणून राखाडी झाला. मधल्या भावाला तो अजून पटलेला नाही.

निष्पत्ती

गाडी ट्रेलरवर घालून आरटीओच्या तपासणीला नेली, नंबर जुळले, आरसी ताईंच्या नावे झाली. पहिल्या लांबच्या फेरीला कुंभार्ली घाट चढताना ती बंद पडली. पेट्रोल इंजिनाजवळच्या इंधन पंपात पोचण्याआधीच नळीत उकळत होतं. मिस्त्रींनी जुनाच उपाय केला, पंपावर ओलं फडकं, आणि पंधरा मिनिटांनी निघाले. नंतर नळीची वाट गरम भागापासून लांब नेली. पुढच्या उन्हाळ्यात हा त्रास झाला नाही, पण फडकं आणि पाण्याची बाटली डिकीत असते.

एकूण खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला. हे सुरुवातीलाच गृहीत होतं. सगळ्यात मोठा वाटा पत्र्याचा, इंजिनाचा नव्हे.

देखभाल आता ठरलेली आहे. आठवड्यातून एकदा इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवणं, पावसाळ्यात उघडीप मिळेल तसं. टाकी भरलेली ठेवणं, म्हणजे आत हवा कमी आणि ओल कमी. पुढच्या सस्पेन्शनच्या निपलांना ग्रीस, पॉइंट साफ करणं, पावसाळा संपला की खालून धुऊन भोकांत तार घालून बघणं. मिस्त्री येतात, पण आता वाकत नाहीत. ते खुर्चीवर बसून सांगतात, ताई करतात.

वेगळं काय करता आलं असतं

जॅक आणि चुंबकाची तपासणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. ती इंजिन मोकळं करण्यात गेलेल्या आठवड्यांनंतर झाली. सांगाडा आणखी कुजलेला निघाला असता तर ते आठवडे वाया गेले असते.

एखादी पूर्ण भंगार पद्मिनी विकत घेऊन शेडमध्ये ठेवणं, सुटे पार्ट शोधत फिरण्यापेक्षा स्वस्त पडलं असतं. जागा होती, गाडीही मिळत होती. "दारात दोन भंगारं" या शेजाऱ्यांच्या संभाव्य शेऱ्यापायी तो विचार सोडला, आणि हे कारण मला आजही कच्चं वाटतं.

क्रोमचे सगळे भाग एकदम एकाच प्लेटिंगवाल्याकडे पाठवले. परत आले तेव्हा एका हेडलाइटची रिंग नव्हती. फोटो काढून, मोजून, दोन खेपांत पाठवायला हवे होते. नटबोल्टांच्या बाबतीत ही शिस्त पाळली होती, प्रत्येक पिशवीवर नाव होतं. वायरिंगही डॅशबोर्ड बसवण्याआधी पूर्ण करायला हवं होतं. पेट्रोलचा काटा अजून चालत नाही, कारण त्याच्या वायरीपर्यंत हात पोचण्यासाठी सगळा डॅशबोर्ड पुन्हा उतरवावा लागेल. सध्या लाकडी पट्टी टाकीत बुडवून पेट्रोल मोजतात.

सीट बेल्टचा प्रश्न उघडाच आहे. गाडीत ते मुळात नव्हते, आणि नीट बसवायचे तर खांबाला आणि तळाला मजबुती देऊन भोकं पाडावी लागतील. ताई पत्र्याला आता हात लावू देत नाहीत. धाकट्या भावाची मुलं मे महिन्यात येणार आहेत आणि त्याने फोनवर सांगून ठेवलंय, बेल्ट नसतील तर मुलं त्या गाडीत बसणार नाहीत. डेंटरला बोलावलं आहे.